वाचकांचे प्रश्न : हिमोफिलिया आणि घरी दिला जाणारा फॅक्टर

हिमोफिलियाविषयी, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक आजाराविषयी, आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. रक्त गोठवणारे जे प्रथिन या रुग्णांत कमी असते ते औषध म्हणून शिरेतून देतात, त्यालाच फॅक्टर म्हणतात. फॅक्टरची मात्रा प्रत्येक रुग्णासाठी त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायची असते. येथे दिलेले हिशेब ती मात्रा कशी ठरते हे समजण्यापुरतेच आहेत.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलाला तीव्र स्वरूपाचा हिमोफिलिया ‘ए’ आहे. त्याचे वजन २४ किलो आहे. जिल्हा रुग्णालय आमच्या गावापासून ६० किलोमीटरवर आहे. तेथे मला शीर शोधून सुई लावायला शिकवले आणि दोन कुप्या घरी ठेवायला दिल्या. परंतु रात्री एकटीने फॅक्टर देताना काही चुकले तर, या विचाराने हात थरथरतो. काय काळजी घ्यावी?
— एक आई, जि. सातारा

उत्तर : ताई, तुमची भीती स्वाभाविक आहे, मात्र तिच्यापायी फॅक्टर द्यायला उशीर होऊ देऊ नका. सांध्यात रक्त उतरू लागल्यावर पहिल्या दोन तासांत दिलेला फॅक्टर आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने रुग्णालय गाठून मिळालेला फॅक्टर यांत फार मोठा फरक पडतो, कारण सांध्यात साचलेल्या रक्तातील लोहामुळे आतले अस्तर सुजते, त्या सुजलेल्या अस्तरातून पुन्हा रक्तस्राव होतो आणि पुढे तोच सांधा वारंवार धरू लागतो. मुलांना हे सूज दिसण्याआधीच कळते. माझ्याकडे येणारा एक मुलगा ‘गुडघ्यात मुंग्या चालताहेत’ एवढेच म्हणतो. बाहेरून गुडघा अगदी नेहमीसारखा दिसत असतो, पण त्याची आई त्या शब्दांवर विश्वास ठेवून फ्रिज उघडते, आणि तिचे बरोबर असते.

कुपी हातात घेतल्यावर प्रथम तिच्यावरचे तीन तपशील वाचा : फॅक्टर आठवा आहे की नववा, किती युनिटचा आहे आणि मुदत कधी संपते. हिमोफिलिया ‘ए’मध्ये आठवा फॅक्टर कमी असतो, ‘बी’मध्ये नववा, एकाच्या जागी दुसऱ्याचा उपयोग होत नाही. दोघांचा हिशेबही वेगळा आहे. दर किलो वजनामागे एक युनिट आठवा फॅक्टर दिला की रक्तातील त्याचे प्रमाण साधारण २ टक्क्यांनी वाढते, तर नवव्याचे सुमारे १ टक्क्याने. तुमच्या मुलात ४० टक्के वाढ हवी असेल तर २४ गुणिले ४० भागिले २, म्हणजे ४८० युनिट लागतील, आणि डॉक्टर ५०० ची एक पूर्ण कुपी द्यायला सांगतील. त्याच वजनाच्या ‘बी’ रुग्णाला याच्या जवळजवळ दुप्पट लागेल. उरलेला थोडासा फॅक्टर पुढच्या वेळेसाठी कधीही जपून ठेवू नका. फोडलेली कुपी त्याच वेळी पूर्ण वापरायची असते.

कुप्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये, मधल्या कप्प्यात ठेवा. दारात ठेवल्यास प्रत्येक उघडझापीला त्यांना ऊब लागते आणि बर्फाच्या कप्प्यात औषध गोठून निकामी होते. वीज जाण्याची तुम्हाला काळजी वाटत असेलच. बहुतेक फॅक्टर खोलीच्या तापमानातही ठराविक काळ टिकतात, परंतु तो काळ आणि चालणारे कमाल तापमान प्रत्येक औषधाचे वेगळे असल्याने खोक्यातील पत्रक डॉक्टरांकडून एकदा समजावून घ्या आणि कुपी फ्रिजबाहेर काढली त्या दिवसाची तारीख खोक्यावर लिहा.

देण्याच्या वेळी हात साबणाने धुवा. पावडरची आणि पाण्याची अशा दोन्ही कुप्या बाहेर काढून खोलीइतक्या कोमट होऊ द्या; घाई असेल तर तळहातांत धरून हलकेच फिरवा, गरम पाण्यात मात्र बुडवू नका. पावडरमध्ये सोबत आलेलेच पाणी घालायचे आणि ते काचेच्या कडेने सोडायचे. त्यानंतर कुपी ताकासारखी घुसळायची नाही, तर टेबलावर सावकाश गोल फिरवायची, कारण जोरात हलवल्याने फेस येतो आणि त्या फेसात फॅक्टरचे प्रथिन बिघडते. द्रव उजेडात धरून पाहा. त्यात कण किंवा गाठी दिसल्यास तो देऊ नका. सोबत आलेल्या गाळणीच्या सुईने द्रव सिरिंजमध्ये ओढून घ्या आणि ती सुई काढून बटरफ्लाय सुई, म्हणजे पंख आणि बारीक नळी असलेली सुई, लावा. गाळणीची सुई शिरेत कधीही जाता कामा नये.

फॅक्टर शिरेतच द्यायचा असतो, स्नायूत नव्हे. सुई शिरेत गेली की नळीत रक्त मागे येते. ते दिसल्यावर दंडावरचा रबरी पट्टा सोडा आणि पत्रकात दिलेल्या वेगाने, काही मिनिटे घेऊन, फॅक्टर सावकाश आत जाऊ द्या. त्या जागी फुगवटा आला तर सुई काढा, कापसाने दाबून धरा आणि नवी सुई घेऊन दुसरी शीर पाहा. दोन प्रयत्नांत जमले नाही तर मुलाला आणखी टोचू नका. तयार केलेला फॅक्टर साधारण तीन तासांत द्यायचा असतो, त्यामुळे तो सिरिंजसह जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन तेथील परिचारिकेची मदत घ्या. सुई काढल्यावर पाच मिनिटे दाबून धरा. कोपर दुमडून ठेवणे पुरेसे नसते.

अंगावर गांधी उठल्या, छाती आवळल्यासारखी वाटली किंवा धाप लागली तर फॅक्टर तत्काळ थांबवा आणि १०८ ला फोन करा. अशा घटना क्वचित घडतात, तरी पहिल्या काही मात्रा रुग्णालयातच दिल्या जातात त्या यासाठीच, आणि हिमोफिलिया ‘बी’मध्ये ही दक्षता अधिक काळ घ्यावी लागते. पहिले काही महिने फॅक्टर देताना घरातले दुसरे मोठे माणूस जवळ असावे, हा माझा आग्रह आहे.

कुपीवरील बॅच क्रमांकाची चिठ्ठी वहीत चिकटवून शेजारी तारीख, वेळ, सांधा आणि किती तासांत आराम पडला हे लिहा. डॉक्टरांना त्या वहीचा एखाद्या तपासणीइतका उपयोग होतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवून रुग्णालयात परत द्या.

प्रश्न : फॅक्टर माणसांच्या रक्तापासून बनतो आणि त्यातून एड्स होतो, असे नातेवाईक सांगतात. त्यापेक्षा रक्तपेढीतून प्लाझ्मा आणून दिलेला बरा का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : तुमच्या नातेवाइकांची भीती निराधार नाही, ती जुनी आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत फॅक्टर हजारो दात्यांचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव, एकत्र करून बनवला जात असे आणि त्यातील विषाणू मारण्याची सोय नव्हती. अमेरिका, ब्रिटन, जपान यांसह अनेक देशांत हजारो रुग्णांना त्यातून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी झाला, आणि त्यांत लहान मुलेही होती. ब्रिटनमधील चौकशीचा अंतिम अहवाल मे २०२४ मध्ये आला, आणि हे पुष्कळसे टाळता आले असते असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ज्या औषधाने या मुलांना जगवायचे त्याच औषधाने ती गेली. ही जखम हिमोफिलियाच्या कुटुंबांनी विसरावी असे मी कधीच म्हणणार नाही.

परंतु त्यानंतर औषध बदलले. दात्यांची तपासणी होऊ लागली, आणि प्लाझ्मापासून बनणाऱ्या फॅक्टरवर उष्णतेची किंवा द्रावक व डिटर्जंटची प्रक्रिया होऊ लागली. या प्रक्रियांनी एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सी यांचे विषाणू नष्ट होतात. १९९० च्या दशकापासून मानवी रक्ताशिवाय, प्रयोगशाळेतील पेशींपासून बनवलेला रिकॉम्बिनंट फॅक्टरही मिळू लागला. उलट रक्तपेढीतील साध्या प्लाझ्मावर आणि क्रायोवर (गोठवलेल्या प्लाझ्मातून वेगळ्या काढलेल्या साक्यावर) सहसा अशी प्रक्रिया झालेली नसते, त्यामुळे फॅक्टर मिळत असताना प्लाझ्मा मागणे म्हणजे अधिक जोखीम पत्करणे होय. शिवाय क्रायोमध्ये नववा फॅक्टर नसतो, म्हणून हिमोफिलिया ‘बी’ला त्याचा उपयोग नाही. मुलाला हिपॅटायटिस ए आणि बी यांच्या लसी अवश्य द्या. त्या बारीक सुईने, शक्यतो त्वचेखाली देऊन ती जागा दहा मिनिटे दाबून धरायला सांगा.

प्रश्न : माझे वय १९ आहे. पूर्वी एका मात्रेत गुडघा उतरायचा. गेल्या दोन महिन्यांपासून तीन मात्रा घेऊनही सूज राहते, म्हणून मीच मात्रा वाढवली आहे. चालेल का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही. मात्रा वाढवणे थांबवा आणि याच आठवड्यात हिमोफिलिया केंद्रात जाऊन इनहिबिटरची तपासणी करून घ्या. काही रुग्णांचे शरीर बाहेरून दिलेल्या फॅक्टरला परके समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, त्यांनाच इनहिबिटर म्हणतात. तीव्र हिमोफिलिया ‘ए’मध्ये हे सुमारे २५ ते ३० टक्के रुग्णांत घडते, बहुधा पहिल्या ५० मात्रांच्या आत, पण पुढेही घडू शकते. प्रतिपिंडे किती आहेत हे बेथेस्डा युनिटमध्ये मोजतात. ती ५ युनिटपेक्षा अधिक असतील तर नेहमीचा फॅक्टर कितीही घेतला तरी तो बहुधा वाया जातो, आणि त्याला वळसा घालून रक्त गोठवणारी वेगळी औषधे द्यावी लागतात. तुम्ही रक्तस्राव टाळण्यासाठी एमिसिझुमॅबचे इंजेक्शन घेत असाल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्या वळसा घालणाऱ्या औषधांपैकी एक, एपीसीसी, त्याच्यासोबत दिल्यास रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका असतो. परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेत अशा तपासण्यांचा दीर्घ अनुभव आहे. तुमच्या केंद्रात सोय नसल्यास डॉक्टरांना तेथे विचारणा करायला सांगा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घेता येईल, परंतु ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मेडिकलमधून आणून घेऊ नका.

प्रश्न : नातू ओट्यावरून पडला, डोक्याला मार लागला, पण टेंगूळ नाही आणि तो खेळतो आहे. त्याला तीव्र हिमोफिलिया आहे. अशा वेळी वाट पाहावी का?
— एक आजी, जळगाव

उत्तर : आजी, वाट पाहू नका. कवटीच्या आत होणारा रक्तस्राव काही तास कोणतीही खूण दाखवत नाही, आणि उलट्या किंवा गुंगी सुरू होईपर्यंत मोलाचा वेळ गेलेला असतो. एका रुग्णालयात माझ्या ओळखीच्या एका मुलाला ‘आधी स्कॅन होऊ द्या’ म्हणून अडीच तास बाकावर बसवून ठेवले होते, आणि फॅक्टर त्याच्या वडिलांच्या पिशवीतच होता. घरात फॅक्टर असेल तर डोक्याच्या माराकरिता डॉक्टरांनी लिहून दिलेली पूर्ण मात्रा, जी सांध्याच्या मात्रेपेक्षा बरीच मोठी असते, लगेच द्या आणि मग रुग्णालयाकडे निघा. घरात नसेल तर निघतानाच फोन करून तेथे कुपी काढून ठेवायला सांगा. स्कॅन फॅक्टर दिल्यानंतर करायचा.