चौघींचा व्हिला, मुलगा सोबत हवा का?

प्रश्न : ताई, आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, आता पन्नाशी ओलांडलीय. एकीचे मिस्टर गेले, एकीचा डिव्होर्स झाला, मी नुकतीच बँकेतून व्हीआरएस घेतलीय. इटलीत समुद्राकाठी महिनाभर व्हिला घेऊन राहायचं डोक्यात आहे, पोर्टोफिनो फोटोत बघून ठेवलंय. एकीचे गुडघे दुखतात, दोघी शाकाहारी. मुलगा म्हणतो मीपण येतो सोबतीला. जमेल का?

उत्तर : न जमायला काय झालं! फक्त पोर्टोफिनोचा हट्ट सोडा, गाव देखणं पण भयंकर महाग, आणि रेल्वे स्टेशन नाही, ट्रेनसाठी सांता मार्गेरिताला यावं लागतं. पोर्टोफिनो ज्या प्रांतात येतं त्या लिगुरियाचा अख्खा किनाराच असा की डोंगर थेट समुद्रात उतरलेले, त्यामुळे 'सी व्ह्यू' लिहिलं असेल तर आधी पायऱ्या किती ते विचारा, बॅगा तुम्हालाच चढवायच्यात. त्यापेक्षा त्याच किनाऱ्यावरचं लेवान्तो गाव बघा, बऱ्यापैकी सपाट, वाळूचा बीच आहे आणि चिंक्वे तेर्रेची प्रसिद्ध पाच गावं ट्रेनने काही मिनिटांवर. एप्रिलात पाणी गारठलेलं असतं, सप्टेंबर बेस्ट.

इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, म्हणजे महिन्याची चिंता नाही. ट्रॅव्हल मेडिकल इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो. जाहिरातीत घराचा सीआयएन (भाड्याच्या घरांचा सरकारी नोंदणी) नंबर नसेल तर अ‍ॅडव्हान्स देऊ नका, तो आता कंपल्सरी आहे.

शाकाहारी दोघींना फारिनाता आवडेल, हरभऱ्याच्या पिठाचा भट्टीत भाजलेला पोळा, आपल्या बेसनाच्या पोळ्याचा भाऊच. पेस्टोतलं, म्हणजे तिथल्या बेसिलच्या हिरव्या चटणीतलं, पार्मेजानो चीज मात्र वासराच्या जठरातल्या रेनेटने दूध फाडून बनतं, चालतं का ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

भांडणं होतात ती खोल्यांवरून आणि हिशोबावरून. चार बेडरूम म्हणतात त्यातली एक सोफा-कम-बेड निघते, म्हणून फोटो मोजून घ्या, समुद्राकडची खोली दर आठवड्याला बदला, किराणाची कॉमन पर्स आधीच ठरवा. आणि कोणाला दिवसभर एकटीने फिरायचं असेल तर "का गं, रागावलीस का?" करत मागे लागू नका, जिचे मिस्टर गेलेत तिला कदाचित नुसतं गप्प बसायचं असेल आणि डिव्होर्सवालीला रात्री दोनपर्यंत बडबडायचं असेल, दोन्ही चालू द्या.

मुलाला व्हिसाचे फॉर्म भरायला बसवा आणि एअरपोर्टला सोडायला सांगा. तेवढी सोबत पुरे.