समुद्राच्या पाण्यासाठी वेगळी संस्था कशाला? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : समुद्रविज्ञानाच्या इतक्या संस्था असताना फक्त समुद्राच्या पाण्याला वाहिलेली वैज्ञानिक संस्था कशासाठी हवी?

समुद्रविज्ञानात लाटा, प्रवाह, मासे, समुद्रतळ असं सगळंच येतं. समुद्रजल संस्थेचं लक्ष पाण्यावर असतं. त्यात काय विरघळलंय, ते मोजायचं कसं, त्यातून मीठ, गोडं पाणी आणि खनिजं काढायची कशी आणि मागे उरतं त्याचं काय करायचं, हे तिचे विषय. जपानमध्ये मिठाच्या खाणी नाहीत आणि हवा पावसाळी, म्हणून नुसत्या उन्हावर मीठ पिकवणं कठीण. तिथे १९५० साली मिठाच्या अभ्यासासाठी निघालेल्या संस्थेचा विषय पुढे वाढत जाऊन समुद्रजल हाच झाला. मिठाचा रसायनतज्ज्ञ, मेम्ब्रेनवर (पाण्यातले क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्यावर) काम करणारा इंजिनिअर आणि किनाऱ्यावरच्या जीवांचा अभ्यासक एरवी एकमेकांचे निबंध वाचत नाहीत. त्यांना एकत्र बसवणं हेच मला अशा संस्थेचं पहिलं काम वाटतं. नियतकालिक आणि परिषदा त्यासाठीच असतात.

प्रश्न : सगळ्या समुद्रांत क्षारांचं आपापसातलं प्रमाण सारखंच असतं, असं शाळेत शिकलो. मग संशोधन करायला उरलंच काय?

शिकलात ते बरोबर आहे. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ दरम्यान जगभर फिरून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने रसायनतज्ज्ञ विल्यम डिटमार यांनी तपासले. मुख्य क्षारांचं प्रमाण जवळपास स्थिर निघालं. किलोभर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार, त्यात सुमारे ५५ टक्के क्लोराइड आणि ३० टक्के सोडियम.

मेख आहे ती त्या ‘जवळपास’मध्ये. क्षारता, म्हणजे किलोभर पाण्यात एकूण किती ग्रॅम क्षार आहेत ते, आज पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून काढतात. पण विरघळलेल्या सिलिकेटचा (सिलिकॉनच्या संयुगाचा) बराचसा भाग वीज वाहून नेत नाही. मीटरला तो दिसत नाही, पाण्याची घनता मात्र त्याने वाढते. उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्यात हा फरक ठळक असतो, आणि घनता चुकली की खोल प्रवाहांचं गणितही चुकतं. म्हणून २०१० साली लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत क्षारतेची व्याख्याच बदलली. इतक्या जुन्या विषयात मोजमापाचा प्रश्न अजून जिवंत आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

प्रश्न : समुद्रातून सोनं काढता येईल का?

परवडणार नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवरची युद्धभरपाई फेडण्यासाठी जर्मन रसायनतज्ज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी प्रयत्न केला. सोनं अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी निघालं आणि त्यांनी नाद सोडला. मॅग्नेशियम आणि ब्रोमीन मात्र खरोखर काढतात. लिथियम लिटरमागे जेमतेम ०.१७ मिलिग्रॅम, म्हणजे किलोभर मिळवायला सुमारे साठ लाख लिटर पाणी हवं.

प्रश्न : खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करताना समुद्राचं नुकसान होत नाही का?

निष्काळजीपणे केलं तर होतं. रिव्हर्स ऑस्मोसिसमध्ये, म्हणजे पाणी दाबाने मेम्ब्रेनमधून ढकलून क्षार मागे ठेवण्याच्या पद्धतीत, बहुतेकदा निम्म्याहून थोडं कमी पाणी गोडं होतं. उरलेलं जवळजवळ दुप्पट खारं आणि जड असतं. एकाच जागी सोडलं की ते तळाशी बसतं आणि तिथल्या समुद्री गवताला बाधतं. ते बऱ्याच तोट्यांतून जोराने सोडून मिसळवणं हा पहिला उपाय.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे हे पाणी आयतं आटवलेलं असतं. मिठागरात समुद्राचं पाणी आटताना आधी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, मग जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), मग मीठ, आणि शेवटी मॅग्नेशियमयुक्त कडू पाणी उरतं. यातले पहिले दोन पदार्थच मेम्ब्रेनवर खपली धरून ती निकामी करतात. जिप्सम कधी बसू लागतं, हे मीठवाल्यांना कधीपासून ठाऊक आहे. मेम्ब्रेनवाल्यांना नेमकं तेच हवं असतं.

प्रश्न : मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. सुरुवात कुठून करू?

समुद्राच्या पाण्याचा एक नमुना घ्या आणि सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेशन करा, म्हणजे ते थेंबाथेंबाने घालून क्लोराइड मोजा. येणारी क्लोरिनिटी (मुख्यतः क्लोराइडचं प्रमाण), ग्रॅम प्रति किलोमध्ये, १.८०६५५ ने गुणली की क्षारता मिळते. मग त्याच पाण्याची क्षारता वाहकतेवरून काढा. दोन्हींत फरक आला तर आधी टायट्रेशन पुन्हा करून बघा. तरीही फरक राहिला आणि नमुना नदीच्या मुखाजवळचा असेल, तर तो खरा असू शकतो, कारण नदीच्या पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण समुद्रासारखं नसतं.