गुंठ्यातले आणे आणि गंटरसाहेब

बेळगावजवळच्या उचगावच्या एका वाचकानं विचारलंय: आजोबांच्या उताऱ्यावर '२ एकर ११ गुंठे ८ आणे' असं लिहिलंय, आणा तर नाणं, ते जमिनीत कसं शिरलं?

नाणं विसरा. आणा म्हणजे सोळावा हिस्सा, मग तो रुपयाचा असो, पिकाचा असो की वाड्याच्या वाटणीचा. 'सोळा आणे खरं' म्हणताना कोणी खिशात हात घालत नाही. १९५७ साली रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्याचं उताऱ्याला काय? बेळगाव १९५६ पर्यंत मुंबईकडे होतं, आणि मुंबई इलाख्यातली मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीचा चौरस तो गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. तुमचे आठ आणे म्हणजे अर्धा गुंठा. एक आणा म्हणजे ३३ फूट लांब आणि जेमतेम दोन फूट पाऊण इंच रुंद पट्टी. भाऊबंदकीला तेवढी पुरते.

म्हणजे गुंठा १०८९ चौरस फुटांचा. प्लॉट विकणारे बिनदिक्कत 'गुंठा म्हणजे हजार फूट' सांगतात, तेव्हा डोकं फिरतं. वरचे ८९ फूट कुणाच्या घशात? सीमेवरची बाची ओलांडून महाराष्ट्रातल्या शिनोळीत जा, तिथं सातबाऱ्यावर हेक्टर-आर (आर म्हणजे शंभर चौरस मीटर). मग आरलाच गुंठा म्हणायचं. आर भरतो १०७६ फूट. तेही चूक.

आता खरी गंमत. काही जाणकार छातीठोकपणे सांगतात, गुंठा हा गंटरचा अपभ्रंश. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञानं १६२० साली ६६ फुटी साखळी काढली, आपली ३३ फुटी तिची निम्मी. साखळीपुरतं कबूल. शब्दापुरतं साफ नामंजूर! गंटरच्या साखळीचा चौरस चार गुंठ्यांचा. साहेबाचं नाव त्याच्या चतकोरालाच का चिकटावं? शिवाय ओडिशात 'गुंठ' आहे, तिथं पंचवीस गुंठांचा एक माण आणि सोळा बिस्व्यांचा एक गुंठ. तिथं चाळिसाचा हिशेबच नाही.

माझ्या मते शब्द कानडी शिवारातला. कूरिगे म्हणजे पाभर, पेरणीचं अवजार. एक पाभर दिवसभरात पेरेल तेवढी जमीन ती कुरगी. अवजारावरून माप ठरतं ते असं. मग कुंटे म्हणजे कुळव, रान कुळवायचं अवजार, त्यावरून गुंठा का नसावा? 'क'चा 'ग' होणं कानडीला नवं नाही: मळे (पाऊस) आणि काल मिळून मळेगाल, म्हणजे पावसाळा. ठ तेवढा आपला, कानडीत आजही 'गुंटे'च. कुळव दिवसाला एवढासाच तुकडा ओढतो का, असं कोणी विचारेल. नाही ओढत. पण मापं मुलूख बदलला की आकसतात, फुगतात. बिघा पाहा ना, दोन प्रांतांत सारखा नाही. गंटरवाल्यांनी आधी ओडिशाचं उत्तर द्यावं, मग माझ्या कुळवाला हात लावावा.