आमची तालुक्यातली विडी कामगार संघटना महासंघाशी जोडली, तर वर आमचं मत चालतं का?

चालतं, पण ते भरलेल्या वर्गणीच्या हिशेबानं. बहुतेक महासंघांत अधिवेशनाचे प्रतिनिधी संलग्नता शुल्क (महासंघाशी जोडून राहण्याची वर्गणी) भरलेल्या सभासदसंख्येवर ठरतात. घोळ इथंच होतो: पैसे वाचवायला ८०० ऐवजी ३०० सभासद दाखवले, की प्रतिनिधीही तेवढ्याचेच मिळतात. महासंघाची ही वर्गणी थकली तर बहुतेक ठिकाणी मतदानाचा हक्क जातो. म्हणून पावतीपुस्तक आणि सभासद नोंदवही दर महिन्याला जुळवा. गोंदिया-भंडाऱ्याकडे तेंदूपत्ता तोडणीच्या हंगामात बाया जंगलात जातात, तेव्हा सभासदांकडची वसुली हमखास तुटते. वर्गणी त्याआधीच घ्या.

जोडण्यासाठी आमसभेचा ठराव, नोंदणी प्रमाणपत्र, तपासलेले हिशेब आणि शुल्क लागतं. सही करण्याआधी महासंघाची घटना, म्हणजे नियमावली, मागून वाचा. बाहेर पडण्याची अट विशेष पाहा.

कारखानदाराशी दर हजारी मजुरीची बोलणी तुमच्याच संघटनेनं करायची. किमान वेतन सल्लागार मंडळापर्यंत मागणी नेणं हे महासंघाचं काम.

पदाधिकारी निवडताना ध्यानात ठेवा: असंघटित क्षेत्रातल्या नोंदणीकृत संघटनेत निम्मे तरी त्याच उद्योगात काम करणारे हवेत. ७ असतील तर किमान ४. त्यात विडी वळणाऱ्या बाया असाव्यातच, कारण छाट विड्यांचा (खराब म्हणून नाकारलेल्या विड्यांचा) खरा हिशेब त्यांनाच ठाऊक असतो.