‘मिठाचा रेणू’ म्हणावं का?

प्रश्न थोडक्यात असा: दहावीतल्या मुलीनं हिंदी व्हिडिओत युरियाला ‘आण्विक यौगिक’ म्हटलेलं ऐकलं. अणू तर एकटा कण, मग युरिया आण्विक कसा? आणि मीठ त्यात का नाही?

ताई, पोरीची शंका रास्त आहे. आपला अणू हिंदीत ‘परमाणु’ होतो आणि हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. विदर्भात मुलांच्या कानावर दोन्ही भाषा पडतात, त्यामुळे हा घोळ इथे नेहमीचा. यौगिक म्हणजे संयुग. तेव्हा मराठीत म्हणायचं ‘रेण्वीय संयुग’. पाठ्यपुस्तकातला ‘सहसंयुज’ हा शब्द बंधाचा प्रकार (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेला बंध) सांगतो, रेणू आहे की नाही ते सांगत नाही. वाळूतली सिलिका सहसंयुजच, पण तिच्यात सुटे रेणू नसतात.

युरियाचा रेणू मात्र खरोखर सुटा असतो: कार्बन 1, ऑक्सिजन 1, नायट्रोजन 2, हायड्रोजन 4, असे आठ अणू. मीठ मात्र आयनांचं, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांचं बनलेलं, म्हणून ते ‘आयनिक’. त्यात एका सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, आणि ही मांडणी खड्याच्या कडेपर्यंत तशीच. यातली जोडी कोणती धरणार? सूत्र इथे फक्त प्रमाण सांगतं. म्हणून ‘मिठाचा रेणू’ हा प्रयोग मी चूकच मानतो.

‘आयन’ हा शब्द फॅरडेनं 1834 मध्ये रूढ केला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘जाणारा’. उत्तरायणातलं ‘अयन’ही जाण्याचंच, दोन्हींचं मूळ एक. मला हा दुवा फार आवडतो, कारण आयनिक संयुग ओळखण्याची खूण त्यातच आहे: आयन पाण्यात मोकळे झाले की चालू लागतात, वीज वाहते. आमच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याच्या अहवालात ‘विद्युत वाहकता’ लिहून येते, ती याच आयनांमुळे. पोटॅश खताच्या (पोटॅशियम क्लोराइड) द्रावणातून वीज जाते. युरियाच्या द्रावणातून जवळजवळ नाहीच. आम्लांना मात्र ही कसोटी लावू नये. हायड्रोजन क्लोराइड रेण्वीय असूनही पाण्यात आयन देतं.

‘धातू आणि अधातू म्हणजे आयनिक’ हे पाठांतर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खतापाशी अडखळतं. त्यात धातू नाही, तरी ते आयनिक, कारण अमोनियम हा मूलकच (अणूंचा गट) आयन आहे. आणि युरिया? ओल्या मातीत युरिएज विकरामुळे त्याचा रेणू फुटतो, अमोनियम आयन तयार होतात, आणि पऱ्हाटीची मुळं ते घेऊ लागतात.