नदीच्या देवाच्या कुशीतली सायकल

प्रिय मुली,

जय ख्रिस्त. 'स्पिरिटेड अवे' या जपानी ॲनिमेशनपटावरचं तुझं परीक्षण वाचलं. चेटकिणी दोन, भुतंखेतं अगणित, जादूटोणा सर्रास, सबब ख्रिस्ती कुटुंबांनी टाळावा! अगं, ही तर वाणसामानाची यादी झाली.

यादीशी माझं भांडण नाही. अमेरिकेतलं 'प्लग्ड इन' हे ख्रिस्ती चित्रपट-परीक्षणांचं संकेतस्थळ हिंसा, शिव्या, दारू, अध्यात्म असे रकाने पाडूनच लिहितं. लहान पोरांना काय दाखवावं या चिंतेतल्या आईला ते कामाला येतं. पण रकाने भरले म्हणजे निकाल लागला असं नव्हे.

स्नानगृहातला तो प्रसंग परत बघ. चिखलाने लडबडलेला, दुर्गंधी सुटलेला पाहुणा येतो. सगळे नाक दाबतात. दहा वर्षांची नायिका चिहिरो त्याच्यासाठी पाणी सोडते. त्याच्या कुशीत काहीतरी रुतलेलं तिच्या हाताला लागतं. दोर बांधून सगळे ओढतात, तर बाहेर येते सायकल, आणि तिच्यामागून कचऱ्याचा ढीग. पाहुणा निघतो नदीचा देव! जपानच्या शिंतो श्रद्धेत नदी, डोंगर, जुनं झाड, सगळीकडे 'कामी', म्हणजे देवता, वसतात. आपण ते मानत नाही, तसं बेधडक लिही. पण कामीला सैतान ठरवून मोकळी होऊ नकोस. आणि सायकल नदीत टाकली कोणी, हेही विचार. तुझ्या परीक्षणात ती सायकलच नाही.

उलटी चूक मी केली आहे. 'इव्हँजेलियन' या जपानी ॲनिमेशन मालिकेत क्रूस, देवदूत, आदाम दिसले आणि मी हरखून युवकांपुढे अर्धा तास बोललो. मागाहून कळलं, ती चिन्हं दिसायला भारी म्हणून घेतली, असं सहायक दिग्दर्शक त्सुरुमाकी यांनीच सांगितलंय. जपानात ख्रिस्ती जेमतेम एक टक्का. तिथला क्रूस म्हणजे आपल्या चायनीजच्या गाडीवरचा ड्रॅगन.

1995 साली व्हॅटिकनने 45 महत्त्वाच्या चित्रपटांची यादी काढली. तीत मूल्यांच्या विभागात जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा 'देर्सू उझाला' आहे. त्याचा नायक आगीला, पाण्याला, वाघालासुद्धा 'माणूस' समजणारा जंगलातला शिकारी! यादी करणाऱ्यांना ते दिसलं नसेल असं वाटतं का तुला?

परीक्षण नव्याने लिही, रविवारपर्यंत पाठव. आईबाप डुकरं होतात तिथे लहान मुलं घाबरतील, हे तुझं वाक्य मात्र तसंच राहू दे.

तुझा,
सर