श्लिख्टे म्हणजे खळ

प्रिय पोरी,

रात्री दोनचा तुझा मेसेज सकाळी वाचला. तंतू आणि रेझिनच्या वस्तूंवरचा जर्मन मजकूर इंग्रजीत करतेस, त्यातल्या 'गेलेगे'साठी तीन शब्द सापडले, फॅब्रिक, स्क्रिम आणि नॉन-क्रिम्प फॅब्रिक. कोणता लिहू, विचारतेस. कोशात तर अंडी निघाली म्हणतेस. बरोबर आहे, घरट्यातल्या अंड्यांनाही ते गेलेगेच म्हणतात. पण गेलेगेचा तुकडा तू पाहिलास का? फोटोत तरी?

नसेल, तर लॅपटॉप मिट आणि अंगणातल्या नवारीच्या बाजेकडे बघ. पट्टी एकदा वरून, एकदा खालून. हे गेवेबे, विणलेलं. प्रत्येक वळणावर धागा वाकतो, आणि वाकलेला धागा ताण आला की आधी सरळ होऊ बघतो, मग भार घेतो. गेलेगेत विणतच नाहीत. एका दिशेचे धागे अंथरायचे, त्यावर दुसऱ्या दिशेचे, आणि बारीक दोऱ्याने टाचायचे. धागा सरळच राहतो, म्हणून नॉन-क्रिम्प, न वाकलेलं. नुसतं 'फॅब्रिक' लिहिलंस तर वाचणारा विणलेलंच धरून चालेल. स्क्रिम ही विरळ जाळी. तुझ्या मजकुरात जाळी आहे का, ते तूच बघ. मी सांगणार नाही.

मला हे फुकट नाही कळलं. 'श्लिख्टे'ला मी पहिल्यांदा 'कोटिंग' लिहून मोकळा झालो. काचेचा तंतू ओढतानाच त्यावर एक पातळ लेप देतात. तंतू घासून तुटू नये आणि पुढे रेझिनशी, म्हणजे तंतूंना धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याशी, पक्का जुळावा म्हणून. इंग्रजीत ते सायझिंग. काम देणाऱ्या लोकांनी माझं कोटिंग तयार वस्तूवरचा रंग समजून घेतलं. माझे पैसे कापले गेले, त्याचं काही नाही. माझे आजोबा कोष्टी होते गं! पवनीच्या घरापुढे ताणा पसरून खळ लावायचे आणि कुंचा मी धरायचो. श्लिख्टे म्हणजे तीच खळ. काचेच्या कारखान्याने विणकराचाच शब्द उचललेला. माझी बोटं त्या खळीने चिकट झालेली, आणि मी कोश चाळत बसलो.

तेव्हापासून मी नमुना मागितल्याशिवाय काम घेत नाही. दोन-तीन ठिकाणचं काम त्यापायी तुटलं. हट्टी म्हणतात. म्हणोत. अंदाजाने लिहिणाऱ्यांनी काय दिवे लावले ते मी पाहिलंय.

'त्स्विशेनफाझरब्रुख'ही तू 'फायबर फ्रॅक्चर' केलंस. अगं, तंतू तुटतो कुठे? बुरूड बांबू चिरतो तेव्हा काय होतं? तंतूंच्या मधली जागा फाटते. अशा वस्तू कशा तुटतात यावरच्या जर्मन अभियंते आल्फ्रेड पुक यांच्या सिद्धांतात या दोन तुटण्यांचे निकषच वेगळे आहेत, आणि तू दोन्ही एका शब्दात बसवलेस! इंटर-फायबर फेल्युअर लिही. पण आधी बांबू बघ.

रविवारी ये. वीतभर गेलेगे आहे माझ्याकडे, टाके उसवून थर सुटे कर. कैची आणशील, माझी बोथट झाली आहे.

तुझे काका